'ब्लडी' : व्युत्पत्ती आणि प्रतिष्ठा

इंग्रजी भाषेतील 'ब्लडी' हा शब्द दोन प्रकारे योजिला जातो. 'रक्ताने माखलेला' अथवा 'रक्तपात करणारा' हा त्याचा मूळ व निर्विवाद अर्थ होय. दुसऱ्या प्रकारात त्याला स्वतःचा असा अर्थ जवळजवळ उरत नाही. पुढे येणाऱ्या विशेषणाचा किंवा नामाचा जोर वाढविणे एवढेच त्याचे कार्य असते. 'ब्लडी कोल्ड' म्हणजे कडाक्याची थंडी. तेथे रक्ताचा काही संबंध नाही. अशा शब्दांना अतिशयार्थक शब्द म्हणता येईल. प्रत्येक भाषेत ते असतात आणि बहुधा कोणाचेही लक्ष वेधून न घेता आपले काम करीत असतात. 'ब्लडी'च्या वाट्याला मात्र वेगळे प्राक्तन आले. सुमारे दोन शतके हा शब्द सभ्य समाजात उच्चारण्यास व छापण्यास अयोग्य मानला गेला आणि त्याच्या उगमाविषयी नाना तर्क लढविले गेले. हा शब्द निषिद्ध का झाला याचे उत्तर त्याच्या व्युत्पत्तीत सापडेल अशी या तर्कांमागील श्रद्धा होती. परंतु उपलब्ध पुरावा कालक्रमाने मांडला असता उलटाच निष्कर्ष निघतो. शब्दाला कलंक आधी लागला आणि त्या कलंकाला शोभेल अशी व्युत्पत्ती मागाहून शोधण्यात आली.

१

मूळ शब्दाचा वंश स्पष्ट आहे. प्राचीन इंग्रजीत 'ब्लोडिग' असे रूप होते. जर्मन 'ब्लुटिग' व डच 'ब्लुडिग' हे त्याचे सगोत्र होत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रक्तासाठी असलेला प्राचीन इंडो-युरोपीय शब्द संस्कृतात 'असृज्' या रूपाने टिकला आणि हित्ती भाषेतही त्याचा सगोत्र सापडतो. जर्मानिक भाषांनी मात्र तो टाकून 'ब्लड' या वर्गातील नवा शब्द स्वीकारला. रक्तासारख्या पदार्थाचे नाव घेताना माणसाच्या मनात भीती व संकोच असतो आणि त्यामुळे अशी नावे बदलत राहतात, ही गोष्ट भाषाभ्यासकांना नवी नाही.

अतिशयार्थक प्रयोगाचा पुरावा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळकपणे दिसू लागतो. जॉर्ज एथरेज याच्या 'द मॅन ऑफ मोड' या १६७६ च्या सुखात्मिकेत 'ब्लडी ड्रंक', म्हणजे 'पिऊन तर्र झालेला', असा प्रयोग आहे. पुढे १६८४ मध्ये ड्रायडनने एका नाटकासाठी लिहिलेल्या प्रस्तावनापद्यातही हीच शब्दजोडी आढळते. ही नाटके राजधानीतील प्रतिष्ठित प्रेक्षकांसाठी लिहिलेली होती आणि त्यांतील विलासी तरुण हे त्या प्रेक्षकांचेच प्रतिबिंब होते. चोरांच्या अथवा हमालांच्या बोलीचा नमुना म्हणून हा शब्द तेथे आलेला नाही.

याहून महत्त्वाची साक्ष जोनाथन स्विफ्टची आहे. लंडनहून १७१० ते १७१३ या काळात त्याने एस्थर जॉन्सन व तिची सोबतीण रिबेका डिंग्ले या दोन स्त्रियांना जी पत्रे लिहिली, त्यांत १७११ साली चालताना झालेल्या उकाड्याची तक्रार करताना तो 'ब्लडी हॉट' असे सहज लिहून जातो. स्विफ्ट हा धर्मोपदेशक होता; १७१३ मध्ये तो डब्लिन येथील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन झाला. खाजगी पत्रांतील मोकळीक जमेस धरली, तरी धर्मपीठावरील पुरुषाने स्त्रियांना लिहिताना जो शब्द वापरला तो त्या काळी अश्लील अथवा धर्मबाह्य समजला जात असेल हे संभवत नाही.

स्विफ्टची साक्ष आणखी एका कारणाने मोलाची आहे. भाषेच्या शुद्धतेविषयी त्याच्याइतका जागरूक लेखक त्या पिढीत क्वचितच असेल. १७१० च्या सप्टेंबरात 'टॅटलर' पत्रात त्याने 'मॉब', 'बँटर' अशा नव्या शब्दांवर कडाडून टीका केली होती आणि १७१२ मध्ये इंग्रजी भाषा सुधारून तिला स्थैर्य देण्याविषयीची आपली सुप्रसिद्ध सूचना त्याने प्रसिद्ध केली. ज्याला 'मॉब' हा शब्द खटकला त्याला 'ब्लडी' खटकला नाही. पुढे 'मॉब' प्रतिष्ठित झाला आणि 'ब्लडी' बहिष्कृत झाला. कोणता शब्द कोणत्या पंक्तीला बसेल याचे भाकीत भाषेच्या रक्षकांनाही करता येत नाही, एवढे यावरून दिसते.

सॅम्युअल रिचर्ड्सनच्या 'पॅमेला' या नीतिपर कादंबरीच्या उत्तरार्धातही एका रागीट मनुष्याच्या वर्णनात हे क्रियाविशेषण आले आहे. म्हणजे १७४० च्या सुमारापर्यंत शब्दाची प्रतिष्ठा पुरती गेलेली नव्हती.

२

आता व्युत्पत्तीविषयक मतांचा विचार करू जाता त्यांतील तीन प्रमुख दिसतात.

सर्वांत लोकप्रिय मत असे की 'ब्लडी' हा 'बाय अवर लेडी', म्हणजे 'माता मेरीची शपथ', या उद्गाराचा अपभ्रंश होय. या शपथेचे 'बायर लेडी' हे संक्षिप्त रूप शेक्सपिअरच्या नाटकांत वारंवार येते, हे खरे. परंतु या मताला तीन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप ध्वनिविषयक आहे. 'लेडी' या शब्दातील पहिला स्वर दीर्घ होता आणि आहे. 'ब्लड' मधील स्वर मूळच्या दीर्घ 'ओ'पासून 'ऊ', मग ऱ्हस्व 'उ' आणि सतराव्या शतकात आजचा अकारसदृश स्वर, अशा क्रमाने आला. या दोन स्वरांचे मार्ग कोठेही एकत्र येत नाहीत. शिवाय मधल्या 'र'चा लोप निराळाच सिद्ध करावा लागेल. दुसरा आक्षेप वाक्यरचनेचा आहे. शपथ हा स्वतंत्र उद्गार असतो; तो वाक्याच्या आरंभी, शेवटी अथवा मध्ये तुटकपणे येतो. 'ब्लडी'चे आरंभीचे प्रयोग मात्र थेट विशेषणाला लागून आलेले आहेत. तिसरा आक्षेप कालविषयक आहे. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडात मेरीच्या नावाने शपथ घेण्याची चाल मागे पडत गेली. ती ऐन भरात असताना हा अपभ्रंश व्हावयास हवा होता, ती ओसरल्यावर नव्हे.

या मताचे पुरस्कर्ते स्विफ्टचाच आधार घेतात. कारण त्याच पत्रसंग्रहात थंडीविषयी लिहिताना त्याने एका ठिकाणी 'बायर लेडी' ही शपथ विशेषणाच्या आधी योजिली आहे. या उदाहरणाने दुसऱ्या आक्षेपाची धार काहीशी बोथट होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि एकाच लेखकाच्या एकाच संग्रहात दोन्ही रूपे अलग अलग येतात, यावरून ते दोन स्वतंत्र शब्द त्याच्या मनात नांदत होते असेच अनुमान अधिक सरळ ठरते. समान कार्यावरून समान उगम सिद्ध होत नाही.

दुसऱ्या मतानुसार 'ब्लडी'चा संबंध 'स्ब्लड', म्हणजे 'देवाच्या रक्ताची शपथ', या उद्गाराशी आहे. येथे ध्वनीची अडचण नाही. परंतु शपथेतून अतिशयार्थक विशेषण निघण्याचा मधला टप्पा कोठेही नोंदलेला नाही. रंगभूमीवर ईश्वराचे नाव थट्टेने घेण्यास १६०६ च्या कायद्याने बंदी केली होती. त्या बंदीला सत्तर वर्षे लोटल्यावर लिहिलेल्या नाटकांत 'ब्लडी ड्रंक' निर्वेधपणे येतो; तो त्या शपथेचा अवशेष मानला जात असता तर त्याच्याभोवती संकोचाची एखादी तरी खूण दिसली असती.

तिसरे मत ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे संपादक जेम्स मरी यांच्या कोशाने १८८७ मध्ये मांडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस दंगेखोर उमराव तरुणांना 'ब्लड' म्हणत. त्यामुळे 'ब्लडी ड्रंक' म्हणजे 'एखाद्या ब्लडसारखा प्यालेला' असा मूळ अर्थ असावा, असे हे मत आहे. आरंभीचे प्रयोग मद्यपानाशी निगडित आहेत याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते. पण 'ब्लडी हॉट' या प्रयोगाला ते लागू पडत नाही. तेथे निराळ्या सादृश्याची कल्पना करावी लागते. या नोंदीतील खरा मोलाचा भाग तिच्या नकारात आहे. या शब्दात धर्मनिंदेचा काही अंश आहे या समजुतीला आधार नाही, असे कोशाने बजावले. असे बजावण्याची गरज पडली यावरूनच ती समजूत त्या काळी किती रूढ झाली होती हे कळून येते.

या तिन्ही मतांपेक्षा साधा असा एक मार्ग उरतो. भीती, क्रौर्य किंवा वेदना दर्शविणारे शब्द झिजून केवळ प्रमाणवाचक होतात, हा अर्थपरिवर्तनाचा सर्वपरिचित प्रकार आहे. इंग्रजीतच 'टेरिब्ली' व 'ऑफुली' यांचे असे झाले. 'प्रचंड' म्हणजे संस्कृतात उग्र, कोपिष्ट. मराठीत आज एखादे गाणे 'प्रचंड' आवडते. 'भयंकर हुशार' म्हणताना कोणालाही भय वाटत नाही आणि 'घोर निराशा' किंवा 'दारुण पराभव' यांतील पूर्वपदे आता मुख्यतः परिमाणच सांगतात. रक्तपाताच्या अर्थाचा 'ब्लडी' याच वाटेने गेला असे मानण्यास कोणत्याही लुप्त शपथेची अथवा उमरावाची आवश्यकता नाही. डच भाषेत 'ब्लुडहेट' म्हणजे अतिशय गरम. ही शब्दघटना स्विफ्टच्या प्रयोगाशी तंतोतंत जुळते. जर्मन 'ब्लुटयुंग', म्हणजे अगदी कोवळ्या वयाचा, हाही असाच दिसतो. मात्र त्यातील पूर्वपद 'उघडा, निव्वळ' या अर्थाच्या दुसऱ्या शब्दावरून आले असावे असे काही अभ्यासक मानतात, म्हणून त्याचा आधार सावधपणेच घ्यावयास हवा.

३

शब्दाची घसरण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य भाषेच्या कोशात हा चोरांचा आवडता शब्द म्हणून नोंदला आहे. एका शतकात तो विलासी उमरावांच्या तोंडून चोरांच्या तोंडी आला होता. शब्द तोच, त्याचे कार्यही तेच. पालटला तो त्याचा वक्ता.

या काळातील कायद्याकडे पाहिले असता एक उद्बोधक गोष्ट आढळते. शपथा घेण्यास आळा घालणाऱ्या १७४५ च्या कायद्याने दंडाची रक्कम वक्त्याच्या दर्जानुसार ठरविली होती. मजूर, साधा शिपाई व खलाशी यांना १ शिलिंग, सभ्य गृहस्थाच्या खालच्या इतरांना २ शिलिंग आणि सभ्य गृहस्थ व त्यावरील सर्वांना ५ शिलिंग. 'ब्लडी' ही शपथ नव्हे, म्हणून या कायद्याशी त्याचा थेट संबंध नाही. परंतु वाईट बोलणे म्हणजे मुख्यतः शपथ घेणे, आणि त्याचे मोजमाप वर्गानुसार, ही मनोवृत्ती त्यातून स्पष्ट होते. अशा समाजात एखादा शब्द केवळ खालच्या वर्गाच्या तोंडी असल्यामुळे अप्रिय झाला, तर त्या अप्रियतेला काहीतरी भारदस्त कारण हवे असते. 'तो मुळात मेरीच्या नावाची विटंबना आहे' हे कारण त्या गरजेतून पुढे आले असावे. मजुराचा शब्द म्हणून नको, असे म्हणणे अवघड. पाप म्हणून नको, असे म्हणणे सोपे.

मरी यांच्या कोशाने वस्तुस्थिती जशी होती तशी नोंदली : हा शब्द सतत खालच्या वर्गांच्या तोंडी असतो, प्रतिष्ठित लोक त्याला अश्लील भाषेच्या बरोबरीचा मानतात आणि वृत्तपत्रे न्यायालयीन वृत्तांतात तो मधली अक्षरे गाळून छापतात. त्याच १८८७ साली, २२ जानेवारीला, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट व सलिव्हन यांचे 'रडीगोर' हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. 'रडी', म्हणजे लालसर, हा 'ब्लडी'चा सोज्ज्वळ पर्याय म्हणून रूढ होता. त्यामुळे नुसत्या सूचनेवरूनही ओरड झाली आणि काही दिवसांतच नावातील एक अक्षर बदलून वर्णलेखन पालटण्यात आले. 'ब्लूमिंग', 'ब्लीडिंग' हे पर्यायही याच काळात प्रचारात होते. निषिद्ध शब्दाच्या पर्यायांनाही त्याची सावली कशी चिकटते याचे हे चांगले उदाहरण आहे.

४

या कलंकाचे खरे स्वरूप ओळखले ते जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी. 'पिग्मॅलियन' हे त्यांचे नाटक प्रथम १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत झाले; लंडनमध्ये ते ११ एप्रिल १९१४ रोजी हिज मॅजेस्टीज थिएटरात आले. त्याचा नायक हिगिन्स हा ध्वनिशास्त्रज्ञ असून त्याच्या घडणीत हेन्री स्वीट या थोर ध्वनिशास्त्रज्ञाच्या स्वभावाच्या काही छटा आहेत, हे शॉ यांनीच प्रस्तावनेत सूचित केले आहे. तिसऱ्या अंकात फुले विकणारी एलायझा निर्दोष उच्चारात, सभ्य मंडळींच्या दिवाणखान्यात, एका साध्या प्रश्नाला नकार देताना हा शब्द उच्चारते. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या तोंडून तो निघताच नाट्यगृहात हास्याचा असा कल्लोळ उडाला की प्रयोग काही काळ थांबला. वृत्तपत्रांत दिवसेंदिवस चर्चा झाली आणि पुढे 'पिग्मॅलियन' हे नावच त्या शब्दाऐवजी थट्टेने वापरले जाऊ लागले.

या प्रसंगाची जी बाजू बहुधा दुर्लक्षित राहते ती त्यानंतरच्या संवादात आहे. ही नव्या धर्तीची बोलण्याची तऱ्हा आहे अशी समजूत करून दिल्यावर क्लारा ही मध्यमवर्गीय तरुणी निरोप घेताना तोच शब्द मोठ्या हौसेने उच्चारून जाते. शब्दात स्वतःचे असे काही पाप नाही. तो कोणाचा समजला जातो यावर त्याची किंमत ठरते, हे शॉ यांनी एका प्रवेशात दाखविले. या नाटकावर आधारलेल्या १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत घोड्यांच्या शर्यतीच्या प्रवेशासाठी निराळा व अधिक राकट वाक्प्रयोग योजावा लागला. चाळीस वर्षांत मूळ शब्दाची धक्का देण्याची शक्ती इतकी ओसरली होती. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाचे 'ती फुलराणी' हे मराठी रूपांतर केले. मराठीत ज्याच्या एका उच्चाराने वर्ग उघडा पडावा असा अतिशयार्थक शब्द नाही. रूपांतरात तो भार मंजुळेच्या सबंध बोलीवर आला, हे भाषेच्या प्रकृतीला धरूनच झाले.

५

इंग्लंडात हा शब्द दडपला जात असताना ऑस्ट्रेलियात तो उघडपणे वाढला. अलेक्झांडर मार्जोरीबँक्स याने १८४७ च्या आपल्या प्रवासवर्णनात एका बैलगाडीवाल्याने पाव तासात हा शब्द २७ वेळा उच्चारल्याचे नोंदून, पन्नास वर्षांत तो एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक वेळा उच्चारील असा हिशेबही मांडला. त्याचा हेतू निषेधाचा होता. पण बोलीतील शब्दाची वारंवारता मोजण्याचा हा एक जुना प्रयत्न म्हणून त्याची नोंद कुतूहलाने वाचावी अशी आहे. पुढे १८९४ मध्ये सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकाने याला 'ऑस्ट्रेलियन विशेषण' असे नाव दिले. ज्या समाजात वर्गभेदाची उतरंड सैल होती तेथे हा शब्द आत्मीयतेचे चिन्ह बनला. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन विभागाने तो आपल्या जाहिरातीच्या घोषवाक्यात घातला, तेव्हा ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवर त्या जाहिरातीला प्रथम मनाई झाली व मग ती उठविण्यात आली.

व्याकरणदृष्ट्याही या शब्दाने एक असाधारण स्थान मिळविले आहे. इंग्रजीत मध्यप्रत्यय नाहीत असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु 'ॲब्सोल्यूटली' या शब्दाच्या पोटात 'ब्लडी' घालून 'ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली' असे रूप होते. तो वाटेल तेथे घालता येत नाही. मुख्य आघात असलेल्या 'ल्यू' या अवयवाच्या अगोदरच तो बसतो. जॉन मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये अशा रूपांवरून इंग्रजीच्या आघातरचनेविषयी महत्त्वाचे निष्कर्ष काढले. ज्याला कोशात जागा देताना संकोच वाटला तो शब्द अशा रीतीने भाषेच्या अंतर्गत घडणीचा साक्षीदार ठरला.

भारतात हा शब्द इंग्रजी अंमलाबरोबर आला. मराठी बोलण्यात तो बहुधा नामाच्या आधी, तुच्छता दर्शविण्यासाठी येतो. विशेषणाच्या आधी, निव्वळ प्रमाण दाखविण्यासाठी तो फारसा ऐकू येत नाही. मराठीने त्याचा कलंक उचलला, पण त्याचे अतिशयार्थक कार्य घेतले नाही. त्या कामासाठी 'लई', 'जाम', 'भयंकर' हे तिचे स्वतःचे शब्द होतेच.

अतिशयार्थक शब्दांचे आयुष्य अल्प असते. प्राचीन इंग्रजीतील 'स्वीदे' लोपला. त्याची जागा 'फुल', 'राइट' व अखेर 'व्हेरी' यांनी घेतली, आणि हा 'व्हेरी'देखील मूळचा 'खरा' या अर्थाचा फ्रेंच शब्द. यॉर्क शहरातील बोलीचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात तरुण पिढीने 'व्हेरी' मागे टाकून 'रिअली' स्वीकारल्याचे दिसून आले. या झिजेला 'ब्लडी' तीन शतकांहून अधिक काळ टिकून राहिला, याचे श्रेय बहुधा त्याच्यावरील निषेधालाच द्यावे लागेल. सर्वांनी मुक्तपणे वापरला असता तर तो केव्हाच गुळगुळीत झाला असता.

१९८९ साली ब्रिटनच्या तत्कालीन युवराजांनी शाळांतून इंग्रजी फार वाईट शिकविले जाते अशी जाहीर तक्रार केली आणि ती करताना 'वाईट' या शब्दाला जोर देण्यासाठी 'ब्लडी'च योजिला. स्विफ्टप्रमाणेच येथेही भाषेच्या अधोगतीची चिंता आणि हा शब्द एकाच मुखातून आले. दोन्ही वेळी शब्द एकच होता व त्याचे कार्यही एकच होते. मधल्या काळात बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी. निषिद्ध शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच उगमाबरोबर वक्त्यांचाही शोध घेतला पाहिजे. तसे न केल्यास लोकव्युत्पत्तीलाच इतिहास समजण्याची चूक घडते.